काटा काढणारी बाई आणि वन्स मोर

“वन्स मोर!” मंडपातून आरोळी आली आणि देशकर मास्तर बोलायचे थांबले. त्यांनी आधी गर्दीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी तेव्हा चांदा जिल्ह्यात सरकारी प्रसिद्धी खात्यात लँटर्न ऑपरेटर होतो. लँटर्न म्हणजे काचेवरचं चित्र पडद्यावर मोठं करून दाखवणारा दिव्याचा डबा. गावात वीज नव्हती, म्हणून दिवा कार्बाइडचा. गावच्या मंडळात इतिहासावर, कलेवर संध्याकाळची व्याख्यानं होत, तिथे माझी ड्यूटी. श्रोते येत, पानसुपारी घेत आणि वक्ता शिलालेखापाशी पोचला की उठून जात.

मंडळाचे अध्यक्ष बापूजी. धानाची गिरणी त्यांची आणि व्याख्यानाचा हॉलही त्यांचाच. या वेळी त्यांनी आधीच बजावलं होतं, “आता लोकं उठून गेले, का व्याख्यानं बंद. हालमंदी मी धानाचे पोते ठेवतो.”

म्हणून मी एक शक्कल लढवली. तिकडच्या झाडीपट्टीत शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत झाली की रात्री नाटक ठरलेलं. मंडप तयार, माणसंही तयार. नाटकाच्या आधी, दिवेलागणीला, मास्तरांचं व्याख्यान तिथेच ठेवलं. विषय जुन्या देवळांतली शिल्पं. मास्तर चांद्याच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत. सुट्ट्यांत देवळं हिंडून त्यांनी फोटो काढले, त्यांच्या काचेच्या स्लाइडी करून घेतल्या. जाहीर व्याख्यान मात्र हे पहिलंच.

पडद्यावर होती पायातला काटा काढणारी बाई. मास्तरांनी तिचा तोल समजावला, मी काच बाहेर काढली, आणि ती आरोळी आली.

“माझी थट्टा चालली आहे,” मास्तर म्हणाले आणि कागद गोळा करू लागले.

नाटकाचे पेटीमास्तर बाजूलाच पेटीवर सूर धरून बसले होते. ते म्हणाले, “थट्टा नाई, मास्तर. इथी आवडलं का वन्स मोरच देतेत. आमच्या नाटकात मेलेला राजाबी उठून पुन्हा मरते.”

मास्तरांनी कागद पुन्हा खाली ठेवले. मग त्यांनी मला खूण केली. काच गरम असतानाच मी ती लोखंडी पेटीवर ठेवली होती. पौषातली थंडी. अशी गार पडलेली काच एकदम दिव्यासमोर धरायची नसते.

“लावा ना, ऑपरेटर! थांबले काऊन?” बापूजी ओरडले.

लावली. टच् असा आवाज झाला आणि बाईच्या घोट्यापासून कमरेपर्यंत तडा गेला. मग अर्धी काच खालीच आली. पडदा पांढरा.

दुसरी प्रत नव्हती. मला मास्तरांकडे बघवेना. मागचे लोक बोऱ्या झटकून उठायला लागले. बापूजींच्या डोळ्यांसमोर पोती रचली जात असणार.

पुढे बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, “बाई फुटली त फुटू द्या, भाऊ. कसी उभी होती, ते तुमीच करून दाखवा ना!”

मास्तरांनी कोट काढून माझ्या हातात दिला. धोतर सावरलं आणि एका पायावर उभे राहिले. दुसरा पाय गुडघ्यापर्यंत उचलला, मान वळवली, काटा उपसला. “भार सगळा या पायावर. म्हणून कंबर अशी वळते. बघा!” त्यांचा चेहरा पाहून त्या म्हाताऱ्या बाईच कळवळल्या. उठलेले लोक खाली बसले.

वन्स मोर झाला. मग आणखी एक. तिसऱ्या वेळी मास्तरांनी पाय बदलला. मूळ शिल्पात तसं नव्हतं, पण कोणी हरकत घेतली नाही.

कोट घालताना मास्तर म्हणाले, “इतकी वर्षं शिकवतोय. पुन्हा सांगा, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.” त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले.

बापूजी आले. “पुढचं व्याख्यान कोणाचं हाय?”

“नागपूरचे प्रोफेसर. राजघराण्यांच्या वंशावळी.”

“एका पायावर उभं राहता येते का त्याइले?”

हॉलमध्ये पोती काही आली नाहीत. मी मात्र पुढे नोकरीत असेपर्यंत एक नियम पाळला. वक्त्याला स्लाइडी किती, हे नंतर विचारायचं. आधी गुडघे कसे आहेत ते विचारायचं.