तारमामा आणि पिवळा ठिपका

तारमामांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. सायकलवरून खाली उतरवलं, वाकून ब्रेकची तार दोन बोटांत धरली, हँडलपासून चाकापर्यंत चाचपत नेली आणि डोळे बारीक करून म्हणाले, "दुसरी कुठी आहे?"

"दुसरी काय?"

"दुसरी तार. पिशवीत असन."

पिशवीत पाण्याची बाटली, दोन संत्री आणि तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता. मामांनी वह्यासुद्धा एकेक करून झटकल्या. माणूस जरा सटकलेला आहे, असं माझं मत झालं आणि ते पुढे बरेच दिवस टिकलं.

ही दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मी तेव्हा गोंदियाकडच्या सौंदड गावात शाळेत शिकवत होते. सायकलचं वेड मला लहानपणापासूनचं, पण सौंदडला सायकल चालवायची म्हणजे हायवेवरच्या ट्रकांच्या मेहेरबानीवर जगायचं. शिवाय तिशीतली एकटी बाई उगाच सायकलवरून फिरते म्हटल्यावर चहाच्या टपरीवरच्या माना वळायच्या त्या वेगळ्याच. अशात कळलं की जवळच्या तलावाकाठच्या राखीव जंगलातला जुना रस्ता डांबर टाकून नीट केलाय, मोटारी-फटफटी बंद आणि सायकलला मोकळीक. आठ-नऊ किलोमीटर नुसतं झाडांखालून जायचं. ना हॉर्न, ना धूर, ना कोणी विचारणारं की कुठं चाललात. हा शेवटचा भाग मात्र खोटा होता, कारण रस्त्याच्या तोंडाशी वनखात्याचा नाका, म्हणजे बांबूचा आडवा दांडा होता आणि दांड्याशी मामा होते.

मामा रोजंदारीवरचे वनमजूर. पन्नाशी उलटलेली, काटक अंग, खाकी शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल. आम्ही रविवारचे सायकलवाले, म्हणजे मी, गोंदियाचे दोन कापड दुकानदार भाऊ आणि एक पोस्टमन, त्यांना तारमामा म्हणायचो. अर्थात पाठीमागे.

मोटारीवर त्यांचा राग नव्हता. संशय सगळा सायकलवर. "मोटर कशी वरडत येते," ते म्हणायचे, "दोन कोसावरून मालूम पडते. सायकल बोलत नाही. जे बोलत नाही ते चोराच्या कामाचं." आणि सरकारनं नेमका सायकलींसाठी रस्ता केला, हे त्यांना अजिबात पटलं नव्हतं. "चोरायले डांबर टाकून देऊन राहिले," असं ते खुद्द वनखात्याच्या साहेबांसमोर म्हणाले होते, असं पोस्टमन सांगायचा.

तारेचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. ब्रेकच्या तारेचा फास करतात आणि जनावरांच्या वाटेवर लावतात. बारीक, मजबूत, खिशात मावणारी आणि कोणाकडे सापडली तरी 'सायकलची आहे' म्हणता येणारी. मामा तरणे असताना एक चितळ अशा फासात सापडलं होतं. अर्धा तास ते मानेतली तार नखांनी सोडवत बसले. "सुटली," ते मला सांगत होते, "पन तोवरी चितळ गेलं होतं." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती तार माझीच होती.

म्हणून आत जाताना तार मोजायची आणि बाहेर येताना पुन्हा मोजायची. जुन्या सळईच्या ब्रेकच्या सायकलींना नुसती पिशवी दाखवून सुटका मिळे. आम्हा तारवाल्यांचे हाल. दुकानदार बंधूंपैकी थोरला एकदा वैतागून म्हणाला, "अरे भाई, मैं करोड़ का धंधा करता हूँ, मैं हिरन पकड़ूँगा क्या?" मामांनी त्याची तार दुसऱ्यांदा चाचपली. "धंदेवाल्यायलेच तं पाह्याचं असते," म्हणाले.

एका रविवारी घरी आल्यावर मला दिसलं की माझ्या दोन्ही तारांच्या टोकाला पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका आहे. रस्त्याकडेचे दगड रंगवून उरलेला रंग मामांनी डब्यात जपून ठेवला होता आणि बोलण्यात गुंतवून आम्हा सगळ्यांच्या तारांना फासला होता. मी पुढच्या रविवारी तावातावाने विचारलं, "न विचारता माझ्या सायकलीला रंग काऊन लावला?" रागात माझीही भाषा त्यांच्या वळणावर जायची.

"विचारलं असतं तं तुमी पुसून टाकला असता," मामा शांतपणे म्हणाले.

खरं सांगायचं तर संशय एकतर्फी नव्हता. इतकी झडती घेणारा माणूस स्वतः काहीतरी लपवत असणार, असं मला वाटायचं आणि मी त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. तेवढ्यात मला हवं ते सापडलंही. एक निळी, नवी कोरी, तारेच्या ब्रेकची सायकल नाक्यावरून सरळ आत-बाहेर करायची. चालवणारा तिशीचा, पांढऱ्या शर्टातला, केसांना तेल. तो दिसला की मामा उठून उभे राहायचे, दांडा वर करायचे, "या, बसा, च्या घ्या" म्हणायचे. तारेला हात नाही की पिशवीला नाही.

"त्याची नाही तपासत?" मी एकदा विचारलंच.

"तो जवाई आहे."

"मग?"

"मंग का? जवायाची झडती घेतात का बाई?" मामांना माझ्या अडाणीपणाची कीव आली. त्यांचं गाव नाक्याजवळ, जावयाचं जंगलापलीकडे. सासुरवाडीला यायला हाच जवळचा रस्ता. सायकलही मामांनीच लग्नात आंदण दिलेली. मी मनात नोंद करून ठेवली. कधीतरी तोंडावर मारायला उपयोगी पडेल, असा दुष्ट विचार होता त्यात.

तो दिवस थंडीतल्या एका रविवारी आला. नाक्यावर जीप उभी. मी, दोघे भाऊ आणि पोस्टमन, चौघांनाही दांड्याशीच थांबवलं आणि मग सायकलींसकट साहेबांसमोर नेलं. तिसऱ्या वळणापाशी रस्त्यापासून वीसेक पावलांवर चितळाची मादी पडली होती. मामा तिच्याजवळ उकिडवे बसून गळ्यातली तार सोडवत होते. घाई कसलीच नव्हती, तरी हळूहळू, दुखू नये अशा बेताने.

"सायकलची तार आहे," साहेब म्हणाले. ते बाहेरून बदलून आलेले, आवाज चढा. "हे रविवारचे शौकीन लोक. नावं लिहून घ्या यांची. आणि आजपासून रस्ता बंद."

बाई फासे लावताना सापडली, ही बातमी सोमवारी प्रार्थनेच्या आधी शाळेत पोहोचली असती. आणि रस्ता गेला असता. आठवड्यातले ते दोन तास गेले असते, जे सोडून माझ्याकडे माझं असं फारसं काही नव्हतं.

मामांनी तार सोडवली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. पुन्हा पाहिली.

"याले ठिपका नाही, साहेब," ते म्हणाले. "या बाईच्या तारेले पिवरा ठिपका आहे. या तिघायच्या बी आहे. पाहून घ्या. यायची नोहे ही तार."

साहेबांनी खरंच आमच्या सायकली पाहिल्या. माझ्या परवानगीशिवाय लावलेल्या त्या रंगाने मला सोडवलं होतं.

"मग बाहेरचा कोणी जंगलातून आला असेल," साहेब म्हणाले. "तरी रस्ता बंदच ठेवू. कोण येतं, कोण जातं, काय पत्ता?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. मी बोलू शकले असते. तोंडावर मारायला जपून ठेवलेलं ते वाक्य जिभेवर होतं आणि मला ते उच्चारवेना. मी खाली बघितलं.

"मले पत्ता आहे," मामा म्हणाले. "या रस्त्यानं जानारी हरेक तार मी पाह्यली. एक सोडून." मग ती तार साहेबांच्या हातात देत, "माह्या जवायाची. त्यानं केलं का नाही, मले मालूम नाही. पन झडती तेवढी त्याचीच राह्यली आहे."

निळ्या सायकलीला मागचा ब्रेक होता, पण ब्रेकला तार नव्हती. जावयाच्या घरात माळ्यावर आणखी तारा निघाल्या आणि वाळवलेलं कातडं निघालं. त्याला पकडून नेलं. रस्ता उघडा राहिला. मामांना मात्र 'घरचाच माणूस निघाला' म्हणून नाक्यावरून काढलं. इतकी वर्षं कायम होण्याची वाट पाहिली होती, ते राहूनच गेलं. मुलगी माहेरी परत आली. ती स्वयंपाक करायची, बापाला वाढायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. हे सगळं पोस्टमनने सांगितलं.

मला त्यांच्याकडे जायला वर्ष लागलं. लाज वाटत होती, दुसरं काय. मामा ओसरीवर बसले होते, वरची गुंडी तशीच लावलेली. "आभार मानायला आले," मी म्हणाले.

"तुमच्यासाठी नाही बोललो मी," ते म्हणाले. हे बोलणं त्यांना शोभणारंच होतं. मग अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहत बोलू लागले.

"साऱ्या दुनियेच्या पिशव्या पाह्यल्या, बाई. पोरगी देताना काही पाह्यलं नाही. सोयऱ्यातला पोरगा, विचाराची शरम वाटली. त्याच्या गावात जाऊन चौकशी केली नाही. पोरीले बी नाही विचारलं. तिले तं विचाराले पाह्यजे होतं ना?"

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला. मुलगी बाहेर आली, हात ओलेच. तिने बापासमोर चहाचा कप ठेवला आणि माझ्याकडे न पाहता, त्याच्याकडेही न पाहता म्हणाली, "मले विचारलं होतं तुमी, बाबा. मीच हो म्हनली."

मामांनी मान वर केली आणि डोळे बारीक करून तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. ती खोटं बोलतेय हे मला, परक्या बाईला, कळलं. मामांना तर ते माहीतच होतं. त्यांनी कप उचलला आणि पुढे काही विचारलं नाही.