रस्सा होता, रक्त नव्हतं

वांगं मी जन्मात खाल्लेलं नाही. आम्ही जैन, बियांमुळे आमच्याकडे वांगं वर्ज्य, आणि भरतातला लसूण न्‌ कांद्याची पात म्हणजे तर बोलायलाच नको. तरीही जळगावात भरीत कुणाच्या हातचं खावं हे मला विचारा, मी छातीठोक सांगेन. वना आचाऱ्याच्या, म्हणजे आमच्या नानांच्या. मेहरूणमध्ये माझ्या किराणा दुकानापासून चौथं घर त्यांचं. चाळीस वर्षं मी त्यांना तेल, शेंगदाणे, मिरची देतोय आणि चाळीस वर्षं ते मला ऐकवताहेत, "अभयशेठ, तुम्ही जलमले ईसन करं काय?" जन्माला येऊन केलंत काय, म्हणून.

मूळचे ते धरणगावकडचे. आता साठी उलटली आहे. डावा कान गेलेला, त्यामुळे नवरदेवाच्या बापाशी गुपित बोलले तरी ते मांडवाबाहेर ऐकू जातं. वांगं ते डोळ्यांनी निवडत नाहीत, तळहातावर तोलतात. आकारानं मोठं आणि हाताला हलकं असेल तर ठेवायचं. जड लागलं की बियांनी भरलेलं, फेका. कपाशीच्या काड्यांवर ते भाजायचं, साल काढायची आणि लाकडी बडगीत ठेचायचं. मिक्सरचं नाव काढणाऱ्या एका इंजिनिअरला त्यांनी भर पंगतीत विचारलं होतं, तुझे दात पडलेत का म्हणून.

बडगीत वांगी ठेचायला लागले की नाना गोष्ट सांगायचे. गोष्ट एकच, सोळा वर्षं जुनी. परराज्यातल्या एका मोठ्या शहरात आपल्याकडच्या एका कुटुंबाचं लग्न होतं, नानांना स्वयंपाकाला नेलं होतं. मैदानात शिजलेली शेवभाजी गल्ली ओलांडून हॉलमध्ये नेत असताना गल्लीत बॉम्बस्फोट झाला. अतिरेक्यांनी उभ्या गाडीत ठेवला होता तो. अकरा माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत नानांचा फोटो होता: रस्त्यात बसलेला, डोक्यापासून पायापर्यंत लालभडक झालेला माणूस.

"पेपरवाला लिखस, वना आचारी रगतमा न्हायना!" नाना मुसळ आपटत सांगायचे. "आरे, रगत कसानं? मन्हा शेवभाजीना रस्सा व्हता तो! डाक्टर बिचारा जखम धुंडी ऱ्हायना, आनि त्याले सापडनी कोथिंबीर!"

कोथिंबिरीवर हमखास हशा यायचा. मी स्वतः ही गोष्ट दोनशे वेळा ऐकली असेल आणि दोनशे वेळा हसलो असेन. नानांचे पाय त्या रश्शानं भाजले होते, कान तिथेच गेला होता, पण गोष्टीत ते यायचं नाही. गोष्ट कोथिंबिरीला संपायची.

यंदा महापालिकेची निवडणूक लागली आणि आमच्या वॉर्डातून हितेंद्र अपक्ष उभा राहिला. निशाणी कपबशी. पोरगा वाईट नाही, कुणाच्याही मयतीला पहिला खांदा त्याचा. पण मोबाइलवर तासन्‌तास बसून त्याला एक ज्ञान झालं होतं: जगात जे घडतं ते घडत नाही, कुणीतरी घडवून आणतं. गटार तुंबलं तरी त्यामागे त्याला परकीय शक्ती दिसायची. आम्ही म्हणायचो, बाबा रे, त्यामागे प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत.

एका कोपरा सभेत हा गडी कशावरून कशावर गेला कुणास ठाऊक, म्हणाला, "मित्रांनो, देशातले निम्मे हल्ले हे नाटक असतं! मतांसाठी! पुरावा पाहिजे? साक्षीदार आपल्याच वॉर्डात राहतो. वनानाना आचारी! माझ्या लग्नात त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, ते रक्त नव्हतं, रस्सा होता. आता मला सांगा, रक्तच नव्हतं तर जखमी कोण? आणि जखमीच नव्हते तर मेलं कोण?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या वॉर्डातला माणूस एवढ्या मोठ्या भानगडीत आहे म्हटल्यावर कुणालाही बरंच वाटणार. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ निघाला. माझी नात जिनलनं तो मला दाखवला. नानांचा जुना फोटो, लाल शर्टाभोवती गोल, त्याच्याकडे बाण, मागे ढोल, आणि हितेंद्रचा आवाज: "मेलं कोण?"

मला संताप आला, कारण मेलं कोण हे मला माहीत होतं. तोताराम. नानांचा जोडीदार, वीस वर्षं त्यांच्याबरोबर राबलेला. त्याची बायको दिपमाला आजही नानांच्याच हाताखाली ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी थापते. शंभर माणसांची पंगत असो की पाचशेची, तिच्या तव्यावरची एक भाकरी फुगल्याशिवाय राहत नाही. त्या सभेच्या वेळी ती कोपऱ्यावरच उभी होती. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली, पीठ घेतलं आणि विचारलं, "शेठजी, मन्हा मालक मरनाच नही म्हने. मंग सोळा वरीसथीन तो शे कोठे?"

मी तडक नानांकडे गेलो. म्हटलं, खुलासा करा, लोकांना सांगा.

"काय सांगू?" नाना म्हणाले. "मी खोटं सांगं का? रस्साच व्हता."

"मग पुढचं सांगा ना. तोतारामचं."

नाना एवढे बोलके, पण त्यांनी मान खाली घातली. "पुढलं माले सांगता येस नही, शेठ. सोळा वरीस जयात. मी कोथिंबीरलोंग जास आनि थांबी जास."

आता आणखी एक घोटाळा होता. आचारसंहिता लागली की आमच्याकडे वाढदिवस वाढतात. उमेदवारानं मतदारांना जेवू घालायचं नसतं, म्हणून कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाची भरीत पार्टी निघते. हितेंद्रच्या पुतण्याचा त्या महिन्यातला दुसरा वाढदिवस रविवारी तलावापलीकडच्या मळ्यात ठरला होता, आणि स्वयंपाकाचा शब्द नानांनी सभेच्या आधीच दिलेला. मी म्हटलं, मोडा. नाना म्हणाले, दिलेला शब्द आचारी मोडत नाही, लोक उपाशी राहतात. दिपमालाही गेली. मीही गेलो, माझा डबा घेऊन.

रविवारी दुपारी मळ्यात दोनशे माणूस. थंडी होती, काड्यांचा जाळ छान वाटत होता, आणि मला खाता येत नाही त्या वांग्यांचा वास असा सुटला होता की माझ्या डब्यातली मेथीची भाजी मला कागदासारखी लागली. खोटं कशाला बोलू? नाना बडगीशी बसले तसा हितेंद्र माइक घेऊन आला.

"नाना, ती गोष्ट सांगा. लोकांना तुमच्याच तोंडून ऐकू द्या."

नानांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि सांगायला लागले. सवयच ती. पेपरवाला आला, रस्सा आला, डॉक्टर आला. कोथिंबीर आली. दोनशे माणूस हसलं. हितेंद्रनं विजयी चेहऱ्यानं माइक मागे घेतला, तेवढ्यात चुलीकडून आवाज आला.

"नाना, आनि मंग?"

दिपमाला तव्यापासून उठली होती. हात पिठानं भरलेले.

"सोळा वरीस मी कान दिसन ऐकस," ती म्हणाली. "माले वाटस, आज पुढलं सांगतीन. तुमले रस्सा लागना, कोथिंबीर सापडनी, लोक हासनात, मी बी हासनू. पन पातेलानी दुसरी कडी कोन्हा हातमा व्हती?"

नानांच्या हातातलं मुसळ थांबलं.

"तोतारामना," नाना म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं. पातेलं जड होतं, दोघांनी दोन कड्या धरल्या होत्या. गल्लीत एका बाजूला ऊन होतं, एका बाजूला सावली. तोताराम म्हणाला, नाना, तुम्ही सावलीतून चला, आणि स्वतः उन्हाच्या बाजूला गेला. ती गाडी त्याच बाजूला उभी होती. स्फोटात मधलं पातेलं नानांच्या आड आलं, तोतारामच्या आड काहीच आलं नाही. नानांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्याला हाका मारल्या, पण कान गेलेला, स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येत नव्हता. पेपरातल्या त्या फोटोत नाना रस्त्यावर बसलेले दिसतात. त्यांच्या मांडीवर कोण आहे ते पेपरानं फोटो कापताना काढून टाकलं होतं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि आपण दोनशे वेळा हसलो याची लाज वाटली.

"काही बोलना का तो?" दिपमालानं विचारलं.

"स्फोटना पहिले बोलना. चालता चालता रस्सा चाखा त्यानी." नाना म्हणाले. "म्हने, नाना, मीठ कमी शे."

दिपमाला त्यांच्याकडे बघत राहिली. आणि मग, देवाशपथ सांगतो, ती हसली. अशी हसली की मागच्या बायकाही हसायला लागल्या.

"मीठ कमी!" ती म्हणाली. "घरमा बी तेच! कितली बी चांगली भाजी करो, त्याले मीठ कमीच!" हसता हसता ती खाली बसली आणि पिठाच्या हातांनीच तोंड झाकून रडली. नानाही रडत होते, अगदी मोठ्यानं, त्यांना हळू काही करताच येत नाही.

हितेंद्र माइक धरून उभाच. त्याला बघून मला त्याची दयाच आली.

"मला हे माहीत नव्हतं, नाना."

"आते माहीत पडनं ना? मंग बोल. यामाच बोल," नानांनी माइककडे बोट केलं.

हितेंद्रनं माइक तोंडाशी नेला. "स्फोट झाला होता," तो म्हणाला. "आपले तोतारामभाऊ त्यात गेले. मी चुकीचं बोललो." त्या निवडणुकीतलं सगळ्यात छोटं भाषण ते. मग नानांनी डोळे पुसले, भरतावर फोडणी ओतली आणि ओरडले, "बसा रे बठ्ठा! थंडं व्हई ऱ्हायनं!"

हितेंद्र पडला. पण खरी गंमत त्याच्या आधीच झाली. पार्टीचा व्हिडिओ कुणीतरी पसरवला आणि विरोधकांनी त्यावर गोल काढले, बाण काढले. रडणारी बाई हितेंद्रनं मतांसाठी पैसे देऊन आणलेली आहे म्हणे. आचारी नाटक कंपनीतला आहे म्हणे. बघा, बाईच्या तोंडाला पीठ कसं मुद्दाम लावलंय! ज्या लोकांनी कोपऱ्यावर टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनीच तो व्हिडिओ पुढे पाठवला. हितेंद्र घरोघर शपथा घेत फिरला, "अहो, खरं होतं ते! मी स्वतः तिथे होतो!" कुणी ऐकेना.

निकालानंतर चार दिवसांनी तो नानांच्या ओट्यावर येऊन बसला. मी तिथेच होतो. दिपमाला भाकरी थापत होती. तो अगदी रडकुंडीला आला होता.

"वहिनी, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "आपण डोळ्यांनी पाहिलेलं, आपल्यासमोर घडलेलं, आणि लोक तोंडावर म्हणतात की हे झालंच नाही. माणसानं करायचं काय?"

दिपमालानं भाकरी उलटली.

"समजनं ना भाऊ आते," ती म्हणाली, "माले कसं लागनं व्हतं?"

तिनं ताट घेतलं, त्यात गरम भाकरी आणि भरीत वाढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.