दोन माणूस खोल

चिखलदऱ्याच्या कड्यावर उभं राहून त्यांनी विचारलं, "दरी किती खोल हाय, भाऊ?" त्यांना धीर यावा म्हणून मी म्हणालो, "असेल दोन माणूस." त्यांनी पायाशी चाचपून एक गोटा उचलला, खाली सोडला आणि कान दिला. आवाज येता येईना. "तुमचे माणसं लय उंच दिसतात," ते म्हणाले.

अमरावतीत ते आमचे शेजारी. जन्मापासून त्यांना दिसत नाही, पण माझ्या स्कूटरवर मागे बसले की हुकूम सुटतो, "खड्डे चुकवू नका, मजा जाते." मी चुकवला की पाठीमागून टोमणा येतो, "बुडवला एक!"

दोरानं दरीत उतरायचं त्यांच्या मनात कधीचं होतं. कमरेचा पट्टा आवळत ते म्हणाले, "मले भेव वाटू द्या ना. त्याच्यासाठीच तर आलो. तुमी काहून कमी करून राहिले?" मग मी खरं सांगितलं, की खालची झाडं कोथिंबिरीच्या जुडीएवढी दिसतात. ते खूश झाले आणि दरीकडे पाठ करून उतरले.

वर येताच विचारलं, "कसा दिसत होतो मी?"

आता खोटं बोलायची सोय उरली नव्हती. "माहीत नाही, भाऊ. मी डोळे मिटले होते."

ते इतके हसले, की दोरवाल्या पोरांनी त्यांना पुन्हा धरलं.

घरी हे सगळं ऐकून बायको म्हणाली, "मले पाहाले आले तवा सांगतलं होतं तुमी, तुमच्या अकोल्याच्या घरी विहिरीले बारा महिने पाणी रायते म्हणून. मीबी लग्नाआधी त्या विहिरीत एक गोटा टाकून पाहाले पायजे होता."