डावखुरे हिरो

'आमच्या वेळचे सिनेमे' असं कुणी म्हणालं की मला आधी संशयच येतो. परवा जेवताना मामा सत्तरचं दशक सोडेनात आणि माझा भाऊ नव्वदचं. आमटी वाढता वाढता मामी म्हणाली, "ह्यांचंच खरंय. तेव्हाचे हिरो सगळे डावखुरे, तरी काय मारामारी करायचे!"

आम्ही हसलो. मग उलगडा झाला. त्यांच्या गावच्या जत्रेत, तंबूतल्या सिनेमाला पुरुष पडद्यासमोर बसत आणि बायका पडद्याच्या मागच्या बाजूने उलटं चित्र बघत.

दशकांवरून आपण हमरीतुमरीवर येतो, पण कोण कुठे बसून बघत होतं, हे कुणी विचारतच नाही.

"अगं, उजव्याच हाताने मारायचे ते," मामा म्हणाले.

मामीने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "तुम्ही तिकडून बघायचात. तुम्हाला काय दिसणार?"