भिंतीवरची रेघ

माझ्या मैत्रिणीचे, मीनाचे बाबा ज्या मायेने भिंतीकडे पाहत, त्या मायेने अख्ख्या बडोद्यात कुणी माणसाकडेही पाहत नसेल. विधान जरा मोठं झालं खरं, पण काकांना ओळखणारे ते मान्य करतील. घरोघरी नवीन केबल आली होती. त्यात कुठल्याशा थंड देशातली लाकडी भिंतींची खोली त्यांनी पाहिली आणि कारेलीबागेतला आपला हॉल त्यांना उघडा वाटू लागला. खांद्याइतक्या उंचीपर्यंत सागाच्या फळ्या, आणि वर खोलीभर कुठेही न तुटता फिरणारी एक नक्षीची पट्टी! “अहो, तिथे थंडी असते,” काकू म्हणाल्या, “बडोद्याच्या उन्हाळ्यात भिंतीला स्वेटर कशाला?” काका हसले, पण ते ऐकत नव्हतेच. मी तिथे अभ्यासाला जायचे. प्रतापनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे अभ्यासाची जागा अशी कुणी ठेवलीच नव्हती. काकांच्या घरी मात्र पुस्तक उघडावं तर समोर काका एका फळीवरून हळूहळू हात फिरवत बसलेले. लाकडाच्या रेषा एका फळीतून दुसरीत वाहत जायला हव्यात म्हणून त्यांनी सगळ्या फळ्या जमिनीवर मांडून ठेवल्या होत्या, आणि पाहुणे कडेकडेने, नदीच्या काठावरून चालल्यासारखे आत येत. सुतार दोनदा आला, काकांचं स्वप्न पाहणं संपलेलं नाही असं पाहून परत गेला. शेवटी काकांनी स्वतःच भिंतीवर ओळंब्याची दोरी सोडून मापं घेतली.

आता मध्ये एक अडचण होती. शेजारच्या कोकिळाबेनचं घर आणि हे घर एकाच भिंतीला चिकटलेलं, आणि त्या भिंतीत पूर्वीपासून एक छोटी खिडकी. तिच्यातून दिवसभर वाट्या जात-येत. इकडून आमटी, तिकडून हांडवो, आणि दोन्हीकडून गप्पा. ती ठेवली तर पट्टी तुटत होती. काका आठवडाभर खिडकीसमोर उभे राहिले. काकूंनाच दया आली. “लावा हो खिडकीवर फळ्या. दार आहेच की.”

फळ्या लागल्या. पॉलिश झालं. संध्याकाळचं ऊन पट्टीवरून सरकत जाताना खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटायची. पण दार म्हणजे दार. कोकिळाबेन पहिल्यांदाच दारातून आल्या त्या इस्त्रीची साडी नेसून. सोफ्याच्या कडेवर बसल्या, “बहु सरस थयुं, भाई,” म्हणाल्या, चहा प्यायल्या आणि निघाल्या. त्या पाहुण्या होऊन बसल्या होत्या. काकूंना चार शब्द बोलायलाही आता केस विंचरून जावं लागणार होतं. काकू गेल्याच नाहीत. तक्रारही केली नाही. फक्त भाजी परतता परतता भिंतीकडे वळून “अहो बेन, ऐकलंत का” म्हणायच्या, आणि मग पुन्हा कढईकडे वळायच्या. एकदा आमटीची वाटी हातात घेऊन त्या फळीसमोर क्षणभर उभ्या राहिल्या आणि तशाच आत गेल्या. काका खुर्चीत होते. त्यांनी पाहिलं. मी पुस्तकात डोकं घातलं.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा काकांच्या हातात करवत होती.

“खिडकी केवढी ठेवू?” त्यांनी विचारलं.

“वाटी सरळ गेली पाहिजे,” काकू म्हणाल्या, “आणि माझं डोकं.”

“डोकं कशाला?”

“अर्धं बोलणं डोळ्यांनी असतं, तुम्हाला नाही कळायचं.”

काकांनी फळीवर पेन्सिलीने चौकोन आखला. पट्टी कापायला तर त्यांनी इतका वेळ लावला की मीना म्हणाली, “बाबा, तिला दुखत नाही हो.” मग त्या भोकाला चारी बाजूंनी त्यांनी उरलेली नक्षी ठोकली, इतक्या निगुतीने की जणू सगळी खोली त्या खिडकीसाठीच मांडली होती. पलीकडून पहिल्यांदा हळदीचा वास आला, मग फोटोसारखा चौकटीत कोकिळाबेनचा चेहरा. “अरे वाह भाभी, आ तो फोटा जेवुं!” आणि दोघींचं कित्येक आठवड्यांचं साठलेलं बोलणं एकदम सुरू झालं.

काका बाजूला बसून राहिले. कापलेला तुकडा त्यांच्या मांडीवर होता. “टाकून देऊ?” मीनाने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि बोटाने लाकडाची एक रेष धरून ती कडेपर्यंत नेली.

“बघ,” ते हळूच मला म्हणाले, “ही रेष अजून खिडकीच्या बाजूच्या फळीला जुळते.”