काळ्या पडद्यावरचं निकाली टपाल

पडद्यावर शून्य आलं.

"आजी, काय दिसायलंय?" लातूरहून नातीनं फोनवर विचारलं.

"शून्य."

"शून्याच्या मागं-पुढं काय?"

"काय न्हाई. नुसतं शून्य."

तिच्या होस्टेलच्या मेसमधला ताटांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. परवा तिची जात पडताळणीची सुनावणी होती. प्रमाणपत्र निघालं नाही तर डॉक्टरकीच्या प्रवेशाला तिचा नंबर लागूनही उपयोग नव्हता. त्यासाठी माझ्या सासऱ्यांच्या शाळेचा, जातीची नोंद असलेला, निजामाच्या काळातला उर्दू उतारा हवा होता. शाळेतलं मूळ रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. शिक्क्याची एक नक्कल उदगीरच्या दिराकडं होती, तिचा फोटो त्यानं माझ्या नवऱ्याला कधीतरी ईमेलनं पाठवला होता. पुढं दीर गेला, त्याच्या घरातली ती नक्कलही कुठं गेली कुणाला ठाऊक नाही. नवराही गेला. उतारा असलाच तर नांदेडच्या घरात, नवऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये.

नवरा कचेरीत क्लार्क होता. ईमेल तो काळ्या पडद्यावर वाचायचा. चित्र नाही, बटण नाही, पांढरी अक्षरं फक्त. सगळी पत्रं यंत्रातच उतरवून ठेवलेली, हजारोंनी. त्या प्रोग्राममध्ये एका वेळी पत्रांची एकच पेटी उघडायची आणि त्यात शोधायला गेलं की तो मान टाकायचा. म्हणून नातीनं दिवाळीत दुसरा एक प्रोग्राम बसवून ठेवला. तो सगळी पत्रं एकदा वाचून त्यांची सूची करतो, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. मग नाव विचारलं की पत्र काढून देतो. दोघांची जोडणी मात्र राहून गेली होती.

ती जोडणी मी केली. मी चौथी शिकलेय. इंग्रजी अक्षरं मला एस.टी.च्या पाट्यांवरून आणि गोळ्यांच्या पाकिटांवरून येतात. होस्टेलात फोन मिळायचा जेवणाच्या सुट्टीत, अर्धा तास. तेवढ्यात ती एकेक अक्षर सांगायची आणि मी एकेक दाबायची. डबाच एस.टी.त घालून आणते म्हटलं तर म्हणाली, "आजी, इथं इस्त्री आणू देत न्हाईत, कॉम्प्युटर काय आणतेस!" तिचा बाप ट्रकवर, तेव्हा आसामात होता.

पहिल्या दुपारी सूचीवाल्याला पत्रं कुठल्या पेटाऱ्यात आहेत ते सांगितलं. दुसऱ्या दुपारी काय वाचायचं नाही ते सांगितलं. तिसऱ्या दुपारी जुन्या प्रोग्रामला सांगायचं होतं की पत्र हवं असलं तर सूचीवाल्याला विचार. त्या ओळीत तीन तिरप्या रेघा लागोपाठ होत्या. मी दोनच दिल्या आणि पडद्यावर लाल ओळ आली. एका रेघेपायी दुपार गेली. पाठ धरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चौथ्या दुपारी जोडणी झाली, दिराचं नाव विचारलं, आणि हे शून्य.

"आज्यानं पुसली असतील का गं पत्रं?" तिनं विचारलं.

"असंल. भावाभावात बांधावरून वाजलं होतं."

मला खरंच तसं वाटलं. शेवटची दोन वर्षं दोघं बोलत नव्हते. रागानं त्यानं पुसलं असेल तर संपलंच. फोनची वेळ संपली, ती रडत होती का ते कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मग माळ्यावरचे त्याचे कागद खाली काढले. कागदावर एखादी प्रत असेल म्हणून. प्रत नव्हती. दोरीनं बांधलेले गठ्ठे होते, प्रत्येकावर लाल शाईनं 'निकाली' लिहिलेलं. लाइटची बिलं, मेलेल्या म्हशीचा दाखला, दिराशी बांधावरून झालेल्या भांडणाचे कागद, सगळं. तेव्हा आठवलं. हा माणूस काम झालेला कागद टेबलावर ठेवायचा नाही, पण फेकायचाही नाही. कचेरीत निकाली गठ्ठे मागच्या खोलीत जायचे, घरात माळ्यावर. त्यावरून मी आयुष्यभर त्याच्याशी भांडले.

दुसऱ्या दिवशी फोन आल्याआल्या विचारलं, "कोणती पेटी वगळायला लावलीस गं?"

"कचऱ्याची. आजी, त्यात तीस हजार पत्रं हायत, उगं कशाला वाचायची?"

"तीस हजार कचरा कोण साठवतंय? त्याची मागची खोली हाय ती. काढ ते वगळणं."

"अगं, कचरापेटी म्हंजे..."

"तुझा आज्या तुला ठाऊक का मला?"

वगळायच्या ओळीतला तो शब्द मी खोडला. सूची पुन्हा करायला लावली. पुन्हा शून्य. माझ्या तोंडून शिवी गेली. ती म्हणाली, थांब, तो बदल न झालेल्या पेट्या पुन्हा उघडून बघत नाही, त्याला सगळं पहिल्यापासून बघ म्हणून सांगावं लागतं. आणखी दहा-बारा अक्षरं दाबली. आकडे धावायला लागले. ते थांबल्यावर दिराचं नाव विचारलं. दोनशे अकरा पत्रं. तारखा बघितल्या, भावाभावांचं वाजल्यानंतरचीही होती.

उतारा सापडला. पत्राला जोडलेला फोटो तिनं सांगितलेली अक्षरं दाबल्यावर वेगळ्या खिडकीत उघडला. पडद्याचा फोटो काढून तिला पाठवला. "हाच हाय, आजी," म्हणाली आणि घंटा झाली. शेजारच्या बाईनं तो पेनड्राइव्हवर घेऊन दिला. पहाटेची पहिली एस.टी. धरली. चाकूरपर्यंत उभी होते, पुढं जागा मिळाली.

लातुरात तो कागदावर छापून घेतला. सुनावणीत साहेबानं उतारा अर्धा मिनिट पाहिला, उर्दू वाचणारा बोलावला, त्यानं मान हलवली. महिन्यानं प्रमाणपत्र आलं. ती आता पहिल्या वर्षाला आहे, फोन कमी करते.

बाकीची पत्रं मी उघडली नाहीत. लिहिणारा गेला, ठेवणारा गेला. त्या पाच दुपारी काळ्या पडद्यासमोर घरात मी एकटी होते, चौथी शिकलेली, तेव्हा बाहत्तर वर्षांची.