शेपटावरचं नाव

आमच्या पूनमबद्दल सांगायचं तर आधी मला माझी लाज सांगावी लागंल. त्याशिवाय पुढचं तोंडातून निघायचं न्हाई.

पूनम माझी सून. सुमितची बायको. कारेगावची पोर, बाप कंपनीत हेल्पर. लग्नाआधी आन् लग्नानंतर चार वर्सं ती रांजणगावच्या एका कंपनीत वायरींच्या जोडण्या तपासायला व्हती. दिवसभर भिंगातून बारीक तारा बघायच्या. तिचे हात लई थंड. म्हंजी काम करताना घाई न्हाई, थरथर न्हाई. आमची मंडळी असती तर म्हणली असती, ही पोर सुईत दोरा एका डावात ओवती. पण मंडळी आधीच गेली, सुनेचं कौतुक करायचं काम माझ्याकडं आलं, आन् मला कौतुक करायला कवाच जमलं न्हाई. मी ज्योतिबा शेंडगे. तीस वर्सं तळेगाव ढमढेरे ते शिरूर जीप हाकली. तिथं वरडायला शिकलो, बाकी काय शिकलो न्हाई.

पूनमचं कंत्राट संपलं तवा तिच्या साहेबानं तिला एक खोका दिला. साहेब बदलून चालला व्हता, सामान आवरत व्हता. खोक्यात विमान व्हतं. म्हंजी विमानाची लाकडं. रिमोटवर उडणारं, पण आपण जोडायचं. साहेब म्हणला, माझ्याच्यानं झालं न्हाई, तुझे हात बरे हायेत, तू कर.

खोका घरात आला तवा मी बघितला. पातळ पातळ फळ्या, त्याला आत कापून ठेवलेल्या फासळ्या. लाकूड असलं हलकं की पांगाऱ्याचं लाकूड त्याच्यापुढं जड म्हणावं. एक फळी मी हातात घेतली आन् जरा वाकवून बघितली, तर कट्‌कन मोडली. पूनमनं दोन्ही तुकडे घेतले, चिकटवले, वर एक पातळ पट्टी लावली. मी म्हणलो, "ही असली खेळणी करायला कंपनी सोडली व्हय?" कंपनी तिनं सोडली नव्हती, कंपनीनं तिला सोडली व्हती. मला ठाऊक व्हतं. तरी म्हणलो.

चार महिने ती त्याच्यावर बसली. दुपारी भांडी झाली की पडवीत जुनं दार आडवं टाकायची, त्याच्यावर नकाशा, नकाशावर प्लॅस्टिकचा कागद, आन् त्याच्यावर एकेक फासळी उभी करून टाचण्या टोचायची. कपड्याचे चिमटे सगळे तिकडं. मी दोरीवर धोतर वाळत घालायचो तर चिमटा न्हाई. पॉलिश पेपरनं घासून घासून पडवीभर पांढरा भुसा. मी लई बडबड केली. ती म्हणायची, "आवरते मामा." आन् आवरायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दार आडवं.

तिचा एक नाद मला समजायचा न्हाई. ती वजनाला मरणाची जपायची. डिंकाचा जास्तीचा थेंब लागला तर खरवडायची. किराणावाल्या ताईबाईच्या काट्यावर जाऊन पंखाची एकेक बाजू तोलून आणायची. मी विचारलं, "काय इकायचं हाय का किलोवर?" तर हसली. म्हणली, "मामा, उडणाऱ्या वस्तूला ग्रॅमपण जड असतो." शेवटी त्याला लाल रंगाची पातळ फिल्म लावली, इस्त्री फिरवली की ती ताणून बसायची. माझ्या शर्टाला कवा असली इस्त्री झाली न्हाई. हे पण बोलून दाखवलं.

मग मार्चात कांदा निघाला, रान मोकळं झालं. एका रविवारी सुमितनं विमान हातानं फेकलं, पूनमनं रिमोट धरला, आन् ते वर गेलं. विहिरीवरनं वळलं, बाभळीच्या वरनं आलं, दोन चकरा मारल्या, आन् ढेकळात न आपटता वाफ्यावर येऊन घसरत थांबलं. मी बांधावर उभा. मला काय झालं ते सांगता येत न्हाई. पोरीच्या तोंडाकडं बघितलं तर घाम आलेला आन् हसत व्हती.

आन् त्याच दिवशी संध्याकाळी मी पारावर जाऊन काय सांगितलं? "आमच्याकडं विमान केलंय." आमच्याकडं. दोन दिवसांनी झालं, "मीच म्हणलं पोरीला, कर तू, मी हाय मागं." आठवड्यात तर मीच फासळ्या चिकटवल्या व्हत्या. मच्छिंद्र, माझा जुना दोस्त, तो म्हणला, "आप्पा, तुमचं डोकं लई." मी न्हाई म्हणलो न्हाई.

त्या विमानाचा व्हिडिओ सुमितनं मोबाईलवर टाकला. तो फिरत फिरत दौंडच्या एका शाळेच्या करुणा मॅडमपर्यंत गेला. मॅडम तिथं मुख्याध्यापक. त्यांचा पूनमला फोन आला. शाळेत पोरांना आठवड्यातनं तीन दिवस असली विमानं जोडायला शिकवायला माणूस पायजे व्हता. एकदा येऊन संस्थेच्या लोकांसमोर उडवून दाखवा, मग जूनपासून या.

पूनमनं फोन ठेवला आन् जिन्याच्या पायरीवर बसली. मला म्हणली, "मामा, मला शिकवायला बोलावत्यात. मला." तिला एवढ्या आनंदात मी कवा बघितली नव्हती. जी पोर आठ तास भिंगातून दुसऱ्याच्या वायरी बघायची, तिला कुणी बाई म्हणणार व्हतं. पोरं उभी राहणार व्हती ती वर्गात आली की.

आदल्या दिवशी संध्याकाळी तिनं मला दाखवलं. पंखाखाली दोन बोटांची टोकं लावून विमान उचललं. ते सरळ राहिलं, नाक जरासं खाली. "असं पायजे मामा. शेपूट खाली गेलं तर विमान हातात राहत न्हाई. नाक वर करतं आन् पडतं." मी मान हलवली. ऐकलं मी. कानांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा करत व्हती. सुमित पहिल्या पाळीला सणसवाडीला गेलेला, म्हणून गाडी मी नेणार व्हतो. मी विमान वाकळंत गुंडाळलं, पिकअपमधी ठेवलं, आन् स्टँडजवळ रेडियमवाल्याकडं गेलो. आमच्याकडं गाडी घेतली की पहिलं तिथंच नेतात. माझ्या जीपवर नाव, ट्रॅक्टरवर नाव, पिकअपवर नाव. रेडियमवाल्यानं विचारलं, "केवढं करू आप्पा?" मी म्हणलो, "लांबून दिसलं पायजे." खाली काळी पट्टी, तिच्यावर पांढरी कडा, वर पिवळी अक्षरं. शेपटाच्या उभ्या पात्याला दोन्ही अंगांनी, आन् आडव्या पात्याला वर खाली. श्री. ज्योतिबा आप्पा शेंडगे, तळेगाव. पूनमचं नाव टाकायचं माझ्या ध्यानात पण आलं न्हाई. ही गोष्ट मी अजून सुमितला सांगितलेली न्हाई.

घरी आलो तर दारात पाच-सात माणसं जमलेली, मच्छिंद्र धरून. वाकळ काढली. लोक म्हणले, वा आप्पा. पूनम हात पुसत आली, तिनं शेपूट बघितलं आन् तिचं तोंड उतरलं. जवळ येऊन हळू म्हणली, "मामा, मागं वजन झालंय. हे काढावं लागंल, न्हाईतर पुढं काहीतरी लावावं लागंल."

चार माणसांत सून मला काढावं लागंल म्हणती. माझं डोकं फिरलं. म्हणलो, "कागद हाय तो. कागदाचं कसलं वजन? नाव नगं वाटतं का सासऱ्याचं?" ती खाली बघायला लागली. मच्छिंद्र हसला. मी गाडीत बसलो.

न्हावऱ्याच्या पुढं ती पुन्हा बोलली. "चौफुल्याला गॅरेजपाशी दोन मिनिटं थांबता का? चार नटबोल्ट घेते, नाकात ठेवते." मी म्हणलो उशीर झालाय. उशीर झाला नव्हता. आम्ही दौंडात पाऊण तास आधी पोचलो आन् मी शाळेबाहेर चहा पीत बसलो. मला नुसतं तिचं ऐकायचं नव्हतं.

मैदानावर पोरं एका कडंला बसवलेली. संस्थेचे तिघं खुर्च्यांवर. पूनमनं रबरानं पंख बांधला, बोटांवर विमान धरून बघितलं. शेपूट झपकन खाली. करुणा मॅडम तिच्याजवळ गेल्या, दोघी काहीतरी बोलल्या. मी लांब व्हतो, ऐकायला आलं न्हाई. पूनमचं बोट शेपटावरच्या नावापाशी गेलं न गेलं तोच मी मोठ्यानं म्हणलो, "घाबरू नगं पूनम, मी हाय, उडव." खुर्चीवरचे लोक हसले. तिनं हात काढला.

विमान मी फेकलं. ह्याच हातांनी. ते सुटलं आन् लगेच नाक वर करून शिडीसारखं उभं राहिलं. पूनमनं रिमोटवर अंगठा खाली दाबून धरलेला मला दिसला. काही उपयोग नव्हता. ते वर थांबलं, एका पंखावर कलंडलं आन् नाकावर येऊन आदळलं. कड असा आवाज झाला. चार महिन्यांच्या फासळ्या मैदानावर पसरल्या. शेपूट तेवढं आख्खं राहिलं. एक पोरगी धावत गेली आन् त्याच्यावरचं मोठ्यानं वाचलं, "श्री. ज्योतिबा आप्पा शेंडगे, तळेगाव." सगळी पोरं हसली. मला वाटलं पाय मातीत जावेत.

संस्थेच्या माणसानं विचारलं, काय झालं हो? पूनम म्हणली, "चूक माझी सर. बॅलन्स बघायचा राहिला माझ्याकडनं." तो म्हणला, बघू, कळवतो. मी तिथंच उभा, मूग गिळून. दोन शब्दांचं काम व्हतं.

ह्याच्यापेक्षा वाईट पुढं हाय. घरी आल्यावर ओट्यावर मच्छिंद्र वाटच बघत बसलेला. काय झालं आप्पा? मी म्हणलो, "पोरीचा हात थरथरला. एवढी माणसं बघितली की बायामाणसाचं असं व्हतं." बोलून झाल्यावर मागं बघितलं तर पूनम चहाचे कप घेऊन दारात. तिनं कप ठेवले, साखर बरोबर हाय का इचारलं, आन् आत गेली. हात थरथरला म्हणे. कपात चहा हलला नव्हता.

त्यानंतर पडवीतलं दार पुन्हा आडवं झालं न्हाई. मोडकं सामान तिनं खोक्यात भरलं आन् माळ्यावर टाकलं. पंधरा दिवसांनी सुमितला म्हणली, कारेगावला पॅकिंगमधी बाया घेत्यात, जाते. मला भाकर गोड लागंना. शेवटी मी कुणाला न सांगता एसटीनं दौंडला गेलो.

खरं बोलायला गेलो असं समजू नका. मी शिफारस करायला गेलो. मॅडमच्या पुढं हात जोडले आन् म्हणलो, "एक डाव संधी द्या. पोरगी घाबरली व्हती त्या दिवशी."

मॅडमनी चष्मा काढला. म्हणल्या, "आप्पा, ती घाबरली नव्हती. मी विज्ञान शिकवते, शेपूट खाली जाताना मी पण पाहिलं. मी तिला म्हटलं, स्टिकर काढ, आम्ही थांबतो. तिनं काय सांगितलं माहिती आहे? म्हणाली, मॅडम, सासऱ्यांचं नाव आहे, लोकांदेखत कसं खरवडू? त्यांना वाईट वाटेल."

मॅडम पुढं म्हणल्या, "मी संस्थेच्या लोकांना सांगून बघितलं. त्यांनी हडपसरचा एक जण घेतला. आता वर्षभर तरी जागा नाही." त्यांनी पाणी पुढं केलं. मी पेला तसाच ठेवून उठलो.

येताना गाडीत सगळा रस्ता मी एकच इचार करत व्हतो. त्या पोरीला पडणार हे ठाऊक व्हतं. तिनं चार महिन्यांचं काम आन् समोर आलेलं शाळेतलं बाईपण, दोन्ही उचलून माझ्या नावाखाली ठेवलं, आन् मी चहा पीत तिला भित्री म्हणलो. पासष्ट वर्सांत एवढी लाज मला कवाच वाटली नव्हती.

घरी आलो तर ओट्यावर मच्छिंद्र आन् दोघं-तिघं बसलेले. पूनम चहा घेऊन आली. मी चप्पल पण काढली न्हाई. म्हणलो, "मच्छिंद्रा, ऐक. हिचा हात थरथरला नव्हता. विमान माझ्यामुळं पडलं. मी शेपटावर नाव लावलं म्हणून पडलं. हिनं सांगितलेलं मी ऐकलं न्हाई, आन् वर तुमच्याजवळ खोटं बोललो."

मी पूनमकडं बघितलं. मनात धरून व्हतो की ती म्हणंल, जाऊ द्या मामा. ह्या घरात सगळे मला जाऊ द्याच म्हणत आलेत.

तिनं रिकामा ट्रे छातीशी धरला. म्हणली, "व्हय मामा. तुमच्यामुळंच पडलं. मी दोनदा सांगितलं व्हतं."

आवाज चढवला न्हाई, रडली न्हाई. बाकीच्यांना चहा दिला व्हता, मला दिला नव्हता, तो आणायला आत गेली. मला वाटलं व्हतं खरं बोललो की हलकं वाटंल. न्हाई वाटलं.